रानटी फेझंट: घरट्यातली अंडी थंड लागली, म्हणजे मादीने ती सोडून दिली का?

बांधावरचा (प्रश्न)

नमस्कार. गेले काही आठवडे मी एका गव्हाच्या शेताच्या कडेला, जिथे शेत संपून बोरू आणि झुडपांची दाटी सुरू होते तिथे, पहाटे जाऊन रानटी फेझंट पाहतो आहे. बाटलीसारखे हिरवे डोके, डोळ्यांभोवती लालभडक उघडी कातडी, गळ्यात पांढरे कडे आणि आडव्या पट्ट्यांची लांबलचक शेपटी असलेला एक नर रोज एकाच उंचवट्यावर येतो, दोन तुकड्यांत कर्कश आरवतो आणि लगेच पंखांची फडफड करून गप्प उभा राहतो. त्याच्या आसपास तीन माद्या चरत असतात, पण त्या इतक्या मातकट रंगाच्या आहेत की त्या हलल्या नाहीत तर मला ढेकूळ कोणते आणि मादी कोणती हे दुर्बिणीतूनही चटकन कळत नाही.

परवा दुपारी बांधालगतच्या उंच गवतात पाऊल टाकणार तोच खाली काहीतरी दिसले म्हणून थांबलो. जमिनीत उथळ खळगा, त्यात थोडे वाळके गवत आणि चार-दोन पिसे, आणि त्यावर तेरा अंडी. अकरा अंडी शेवाळी-तपकिरी होती, एकावरही ठिपका नव्हता. उरलेली दोन मात्र स्पष्टपणे निळसर राखी होती. मादी जवळपास कुठेच नव्हती. राहवले नाही म्हणून एका अंड्याला बोट लावून पाहिले, तर ते अगदी थंड.

माझे प्रश्न असे आहेत. मादीने हे घरटे सोडून दिले असावे का? अंडी थंड पडल्यावर आतला जीव जगतो का? तीन माद्यांचा संसार मांडून बसलेला नर उबवण्याच्या कामात काहीच हात लावत नाही का? आणि एकाच जातीच्या नर-मादीत रूपाचा एवढा फरक कशासाठी?

रानवाट

आधी एक विनंती: त्या जागेवर पुन्हा जाऊ नये, आणि जायचेच झाले तर गवत न तुडवता लांबूनच पाहावे. आपण तुडवलेली वाट आपल्याला दिसत नाही, पण कावळ्याला आणि कोल्ह्याला ती नेमकी घरट्यापाशी घेऊन जाते. शिवाय या काळात वारंवार उठवलेली मादी घरटे खरोखरच सोडून देऊ शकते.

आता आपल्या मुख्य शंकेबद्दल. थंड अंडी म्हणजे टाकलेली अंडी, हा समज आपण घरातल्या खुडूक कोंबडीवरून करून घेतो, कारण आपण तिला पाहतो तेव्हा ती टोपल्यात बसलेलीच असते. फेझंटची मादी साधारण रोज एक याप्रमाणे, मध्ये एखाद-दुसऱ्या दिवसाचा खाडा धरून, आठ ते पंधरा अंडी घालते, म्हणजे हे काम दोन-अडीच आठवडे चालते. या संपूर्ण काळात ती अंडी घालण्यापुरतीच घरट्यात येते आणि निघून जाते. उबवायला ती बसते ती शेवटचे किंवा शेवटून दुसरे अंडे घातल्यावर. तोपर्यंत प्रत्येक अंडे थंडच असते आणि ते थंड असण्यातच सगळी योजना आहे. अंड्याला पुरेशी ऊब मिळत नाही तोवर आतल्या गर्भाची वाढ थांबून राहते, तो मरत नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी घातलेले आणि पंधराव्या दिवशी घातलेले अंडे उबवणीच्या एकाच रेषेवरून सुटतात आणि पुढे 23 ते 28 दिवसांनी जवळजवळ एकाच दिवशी फुटतात.

हे एकाच दिवशी फुटणे चैनीचे नाही, गरजेचे आहे. फेझंटचे पिल्लू कबुतराच्या पिल्लासारखे उघडेनागडे आणि आंधळे जन्मत नाही. ते डोळे उघडे ठेवून, अंगावर लव घेऊन बाहेर येते, काही तासांत सुकून आईच्या मागे चालू लागते आणि पहिल्या दिवसापासून आपले खाणे आपणच टिपते. अशा वेळी चार पिल्ले चालायला तयार आणि सहा अंडी अजून कच्ची असली, तर आईने कोणाला सोडायचे? म्हणून सुरुवात उशिरा आणि सगळ्यांची एकत्र.

उबवणीला बसल्यानंतरही ती दिवसातून एकदा, फार तर दोनदा, थोडा वेळ चरायला उठते, तेव्हा अंडी काहीशी निवतात. त्याने बिघडत नाही. आपले निरीक्षण दुपारचे आहे, तेव्हा दोन्ही शक्यता आहेत. मात्र अंडी "अगदी थंड" होती असे आपण म्हणता, त्यावरून ती अजून बसली नसावी असे माझे मत.

पिंगळा

रानवाट यांनी अंड्यांचे नीट सांगितलेच आहे, मी नराच्या बाजूने थोडे बोलतो, कारण त्याला फुकटखाऊ ठरवण्याची आपल्याला फार घाई असते.

नर अंडी उबवत नाही, घरट्याच्या जागेची निवड करत नाही आणि पिल्लेही सांभाळत नाही, हे खरे आहे. परंतु त्याचे काम घरटे होण्याच्या आधीचे असते. हिवाळ्यात माद्या आणि नर बहुतेक वेगवेगळ्या टोळक्यांत राहतात. थंडी ओसरू लागली की नर एकेक हद्द धरतात, आणि ही हद्द जवळजवळ नेहमी कडेची असते: एका बाजूला लपायला झाडोरा, दुसऱ्या बाजूला चरायला मोकळी जमीन. आपला उंचवट्यावरचा नर नेमक्या अशाच जागी उभा आहे. त्याचे आरवणे हे शेजारच्या नरांना सांगणे असते की ही बाजू भरलेली आहे, आणि माद्यांना सांगणे असते की इथे पहारा आहे. मग दोन-तीन, क्वचित त्याहून पुष्कळ जास्त माद्या त्याच्या हद्दीत येऊन चरतात. मादी मान खाली घालून दाणे टिपत असते तेव्हा नर मान वर करून उभा असतो. मादीला अंड्यांसाठी अंगात पुष्कळ साठा करावा लागतो आणि पुढे तीन-चार आठवडे जवळपास अर्धपोटी बसायचे असते. अशा वेळी दर दोन टोचींनंतर मान वर करावी न लागणे ही तिच्यासाठी मोठी मिळकत आहे. दुसरे नर तिला पळवून दमवत नाहीत हा आणखी एक फायदा.

मला स्वतःला सर्वांत आवडते ते त्याचे आर्जव. एकदा तासभर झुडपाआड बसून पाहिले. नर मादीपुढे आडवा झाला, तिच्या बाजूचा पंख जमिनीला टेकेपर्यंत खाली सोडला, शेपटी तिच्याकडे कलती करून पसरली, डोळ्याभोवतीची लाल कातडी फुगून जवळजवळ सगळा चेहरा तिने व्यापला, आणि तो अर्धवर्तुळात तिच्यापुढून सरकत गेला. ती तशीच चरत राहिली. मग त्याने पवित्रा बदलला: जमिनीवरचा एक दाणा उचलला, टाकला, पुन्हा उचलला आणि हलक्या आवाजात तिला बोलावले, ती आली, दाणा खाल्ला आणि निघून गेली. इतक्या थाटामाटाचे एवढेच फळ.

तिचे लक्ष पिसाऱ्याकडे असते असे मानायला आपले मन लगेच तयार होते. परंतु स्वीडनमध्ये रानटी फेझंटांवर झालेल्या अभ्यासात, जो 1989 साली प्रसिद्ध झाला, माद्यांची पसंती नराच्या पायामागच्या टोकदार काट्याच्या लांबीशी जोडलेली आढळली. लांब काट्याचे नर जास्त टिकणारेही होते.

रूपातल्या फरकाचे कारण साधे आहे. नराच्या अंगातल्या नर-संप्रेरकामुळे त्याला झगझगीत पिसे येतात, मादीत ते नसते म्हणून ती साधी राहते.

शेवरी

पिंगळा यांचा बाकी सगळा मजकूर उत्तम आहे, पण शेवटचे वाक्य उलटे झाले आहे आणि ते उलटे का आहे हे समजून घेण्यात मोठी गंमत आहे.

कोंबडी, मोर आणि फेझंट यांच्या कुळात नराचा पिसारा हे पिसांचे मूळ, काहीही न केल्यास उमटणारे रूप आहे. मादीचा मातकट रंग हा तिच्या अंडाशयातून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे येतो. म्हणजे साधेपणा हा अभाव नसून तो मुद्दाम घडवलेला पोशाख आहे. याचा पुरावा फार जुना आहे. लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी 1780 साली एका विलक्षण फेझंटची हकीगत रॉयल सोसायटीपुढे मांडली: मादी असूनही तिला नराची पिसे आलेली होती. म्हाताऱ्या झालेल्या, अंडी घालणे थांबलेल्या माद्यांमध्ये असे होते हे त्यांनी नोंदवले. अंडाशय निकामी झाला, इस्ट्रोजेन आटले, पुढच्या पीसझडीनंतर नवी पिसे आली ती थेट नराच्या रंगाची. पायामागचा काटाही अशा मादीला येऊ शकतो. नर-संप्रेरकाचा वाटा आहे तो डोळ्याभोवतीच्या लाल कातडीच्या फुगण्यात आणि वागण्यात. पिसांच्या रंगात नाही.

आता हा मातकट पोशाख कशासाठी, तर ज्याला जवळपास महिनाभर जमिनीवर, काहीही आडोसा न बांधता, निश्चल बसायचे आहे त्याच्यासाठी. मादीच्या प्रत्येक पिसाला काळसर मध्य आणि फिकट कड असते, त्यामुळे तिच्या देहाची एक सलग बाह्यरेषा डोळ्याला मिळतच नाही, वाळक्या गवताचा आणि सावलीचा तुकडा तेवढा दिसतो. नराची लांबी शेपटीसकट 60 ते 89 सेंटीमीटर असते आणि त्यात शेपटीच अर्ध्या मीटरपर्यंत भरू शकते. मादी 50 ते 63 सेंटीमीटरची, आखूड शेपटीची. ती शेपटी घेऊन खळग्यात बसणे कसे जमले असते, याची कल्पनाच करून पाहावी.

पांढऱ्या कड्याबद्दल एक जोड. कडे प्रत्येक नराला नसते. या एकाच जातीच्या सुमारे तीस उपजाती मानल्या जातात आणि तिचा मूळ प्रदेश काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यापासून चीन-कोरियापर्यंत पसरलेला आहे. पश्चिमेकडच्या, कॉकेशसच्या नरांना गळ्यात कडे नसते, चीनकडच्यांना ठळक असते. नाव मात्र पश्चिमेकडचे पडले: आजच्या जॉर्जियातल्या रिओनी नदीचे प्राचीन नाव फेझिस, त्यावरून फेझंट. पुढे शिकारीच्या हौसेने माणसाने हा पक्षी युरोपभर आणि अमेरिकेत नेऊन सोडला. अमेरिकेत त्याचा पाय पक्का रोवला गेला तो 1880 च्या दशकाच्या आरंभी, शांघायहून ऑरेगॉनला पाठवलेल्या पक्ष्यांमुळे. अशा सोडलेल्या पक्ष्यांत उपजाती इतक्या मिसळल्या आहेत की अर्धवट कडे, तुटके कडे असे सगळे प्रकार दिसतात. जपानचा हिरवा फेझंट, म्हणजे तिथला राष्ट्रीय पक्षी, आता बहुतेक जण वेगळी जात मानतात. त्याचे पोट आणि छातीही गडद हिरवी असते.

बांधावरचा

आपणा सर्वांचे आभार. अंड्याला बोट लावल्याबद्दल रानवाट यांची क्षमा मागतो. पुन्हा तिथे गेलो नाही, पण काल उंचवट्यावरून दुर्बीण लावली, तेव्हा बराच वेळ काहीच दिसले नाही आणि मग एक डोळा दिसला. डोळा सापडल्यावर मादी सापडली. ती बसलेली आहे!

त्या दोन निळसर अंड्यांचे मात्र कोडे राहिले. शिवाय आणखी एक विचारतो: ती आता उन्हाळाभर इथेच राहील का, आणि पिल्लांना काय लागते? शेताचा मालक शेजारच्या पट्ट्यातले गवत लवकरच कापणार आहे.

रानवाट

गवताचे ऐकून काळजी वाटली, म्हणून त्याचे आधी. बसलेली फेझंट मादी धोका दिसला की उडून जात नाही, उलट आणखी दबून बसते. कोल्ह्यापुढे ही युक्ती पुष्कळदा चालते, यंत्राच्या पात्यापुढे नाही. गवताच्या कापणीत माद्या अंड्यांवर बसल्या जागी मरतात, आणि ज्या वाचतात त्यांची घरटी उघडी पडतात. आपण मालकांना सांगून घरट्याभोवतीचा चांगला ऐसपैस तुकडा, निदान एक महिना, न कापता ठेवता आला तर पाहावे. केवळ घरट्यापुरता गवताचा झुबका राखला तर उपयोग होत नाही; मोकळ्या रानात उभा असलेला एकच झुबका कावळ्याला लांबूनच खुणावतो.

घरटे मोडले तर ती त्याच हंगामात पुन्हा घालते, पण दुसऱ्या खेपेला अंडी कमी असतात. एकदा पिल्ले काढली की त्या वर्षी दुसरी वीण सहसा करत नाही.

निळसर अंडी बहुधा दुसऱ्या मादीची आहेत. एका मादीच्या अंड्यांचा रंग साधारण सारखा असतो, आणि फेझंटच्या माद्यांना दुसरीच्या घरट्यात अंडे टाकून जाण्याची खोड आहे. आपल्याच जातीच्या नव्हे, तितराच्या आणि बदकाच्या घरट्यातही त्यांची अंडी सापडतात. घरमालकीण ती ओळखून बाहेर काढत नाही.

पिल्लांबद्दल: मोठे फेझंट धान्य, बिया, कोवळे कोंब, कंद, फळे असे बहुतेक शाकाहारी खातात, पण पहिल्या काही आठवड्यांत पिल्लाला किडे लागतात. भुंगेरे, अळ्या, पानावरचे ढेकूण, मुंग्या, जे चोचीत मावेल ते. दाण्यावर पिल्लू एवढ्या वेगाने वाढू शकत नाही, आणि वेग हाच त्याचा बचाव आहे, कारण सुमारे दोन आठवड्यांत ते थोडे उडू लागते आणि रात्री जमिनीवरून उंच फांदीवर जाऊ शकण्याच्या वाटेला लागते. म्हणून ज्या शेतात तणनाशकाने बांध स्वच्छ केले आणि कीटकनाशकाने पाने, तिथे फेझंटांची अंडी नीट फुटूनही पिल्ले उरत नाहीत. दाटी हवी पण बुडाशी मोकळी हवी, म्हणजे इवल्या पायांना चालता येईल आणि वर पानांचे छत राहील. दवाने चिंब झालेले गच्च गवत पिल्लाला गारठवून मारते. आई त्यांना घेऊन दोन-अडीच महिने फिरते, पण घरट्यापाशी थांबत नाही; पिल्ले सुकली की त्याच किंवा दुसऱ्या दिवशी तो खळगा रिकामा होतो आणि पुन्हा कधी वापरला जात नाही.

शेवरी

वरच्या चर्चेवरून सगळेच फेझंट बांधावर राहतात आणि सगळेच नर अनेक माद्या बाळगतात असा समज होऊ नये म्हणून लिहिते. फेझंट म्हटल्या जाणाऱ्या जाती सुमारे पन्नास आहेत, बहुतेक सर्व आशियातल्या, आणि बहुतेक रानातल्या. शेताच्या कडेला रमलेला आपला पक्षी त्यांच्यात वेगळाच म्हणायचा.

हिमालयातला मोनाल साधारण 2100 ते 4500 मीटर उंचीवर, देवदार-ओकाच्या रानापासून वरच्या गवताळ उतारांपर्यंत राहतो, चोचीने बर्फ आणि माती उकरून कंद काढतो, आणि मादी तीन ते पाचच अंडी घालते. पश्चिम हिमालयातला जुजुराणा हा ट्रॅगोपॅन 2400 ते 3600 मीटरच्या दाट झाडीतला. ट्रॅगोपॅन नर विणीच्या काळात डोक्यावर दोन निळी मांसल शिंगे उभारतो आणि गळ्याखाली रंगीत झालर सोडतो. पुन्हा, ही मंडळी बहुधा झाडावर घरटे करतात, जे फेझंटांत विरळ आहे. त्यांची पिल्ले अंड्यातूनच पंखांची पिसे घेऊन येतात आणि काही दिवसांत फडफडत फांदीवर चढतात. आग्नेय आशियातला थोरला आर्गस तर रानातली जमीन पालापाचोळा हटवून झाडून घेतो आणि त्या अंगणात नाचतो. त्याच्या पंखांवरच्या डोळ्यांच्या नक्षीवर डार्विननेही 1871 साली विस्ताराने लिहिले आहे. त्याची मादी फक्त दोन अंडी घालते आणि नर तिचे पुढे काही विचारत नाही.

उलट टोकाला चीर फेझंट पाहावा. पश्चिम हिमालयाच्या उभ्या, गवताळ, खडकाळ उतारांवर तो जोडीने राहतो, नर पिल्लांपाशी थांबून पहारा देतो, आणि नर-मादी दोघेही धुरकट तपकिरी. पटकन फरक सांगता येत नाही. तिबेटच्या पठारावरचे आणि चीनमधले कानवाले फेझंटही जोडीने राहतात आणि दोघे सारखेच दिसतात. म्हणून नराचा थाट जेवढा जास्त तेवढा त्याचा संसारातला हात कमी, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. तो दरवेळी खरा ठरतोच असे नाही: कोकलास फेझंट जोडीने राहतो, तरी नर-मादीचे रूप चांगले वेगळे आहे.

पिंगळा

शेवरी यांनी केलेली दुरुस्ती मान्य. इतकी वर्षे मी ती गोष्ट उलटी सांगत आलो.

बांधावरचा

चार आठवड्यांनी लिहितो आहे. मालकांनी वीस पावले रुंदीचा पट्टा कापणीतून वगळला. परवा सकाळी मादी दिसली ती घरट्यापासून बरीच लांब, बोरूच्या बाजूला, आणि तिच्या मागे गवत जागोजाग हलत होते. मला आठ पिल्ले मोजता आली, पण ती एका जागी थांबत नसल्याने आकडा पक्का नाही.

ती गेल्यावर मी घरट्यापाशी गेलो. खळग्यात टरफले पडलेली होती. प्रत्येकाचे जाड टोक टोपीसारखे गोल कापल्यागत वेगळे झालेले, आणि आतला पांढरा पापुद्रा सुटून कडेला वळलेला. दोन्ही निळसर अंडी मात्र जशीच्या तशी, न फुटलेली होती.

रानवाट

टोपी गोल कापलेली असेल तर पिल्लू आतून बाहेर आले. कावळ्याने फोडलेल्या अंड्याला बाजूला वेडेवाकडे भोक पडलेले असते आणि कोल्हा घरट्यात सहसा काहीच ठेवत नाही. ती दोन अंडी दुसरीने उशिरा, ही बसण्याच्या अगदी सुमारास किंवा नंतर टाकली असणार. अकरा पिल्ले चालायला लागल्यावर ही त्यांच्यासाठी थांबली नाही.

आता तो पट्टा आणखी तीन आठवडे तसाच राहू द्यावा असे मालकांना सांगता आले तर पाहा. रात्री ती पिल्लांना पंखाखाली घेऊन अजून जमिनीवरच बसते.